फॉरवर्ड एरियातून एका दिवसात मुंबई: व्हिएतनामच्या त्या विमानांबद्दल आणि आपल्या जवानांबद्दल विचारायचंय

कांजूरची_ताई

नमस्कार मंडळी, इथे इतिहासवाले, विमानवाले, फौजेतले सगळेच आहेत म्हणून विचारतेय, जरा लांबण लागेल.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे, सध्या बऱ्याच उंचावर पोस्टिंग आहे. हल्लीच सुट्टीवर येऊन गेला. सकाळी तिकडून निघाला, दिल्लीला विमान बदललं आणि रात्री आमच्याकडे कांजूरला जेवायला पाटावर. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, मजल्यावरचे सगळे भेटून गेले, सगळं नेहमीसारखं. पण तो आलाय असं वाटतच नव्हतं हो. चिडचिड नाही, रुसवा नाही, हसतोय, बोलतोय, पण दर थोड्या वेळाने फोन काढून तिकडचं हवामान बघणार, ग्रुपवर विचारणार की हेलिकॉप्टर वर गेलं का, अमक्याचा पाय कसा आहे. आई आमटी वाढतेय आणि हा मला सांगतोय की वरच्या पोस्टला आज रॉकेल पोचलं नसेल तर रात्री कठीण आहे. पहिला आठवडा असाच गेला. मग हळूहळू नीट झाला आणि नीट झाला तोवर परत जायचे दिवस जवळ.

त्याच दिवसांत मी व्हिएतनाम युद्धाबद्दल वाचत होते, त्यात अमेरिकन सैनिकांना घरी नेणाऱ्या विमानांबद्दल होतं, ते लोक त्याला फ्रीडम बर्ड म्हणायचे. जंगलातला माणूस दोन दिवसांत स्वतःच्या गल्लीत, आणि एकटा. वाचून मला भाऊच दिसायला लागला. तर मला नीट माहिती हवीय की ही विमानं नेमकी कशी चालायची, खरंच साध्या प्रवासी कंपन्यांची होती का, इतक्या झटकन घरी आणल्यामुळे त्या लोकांना पुढे त्रास झाला असं म्हणतात त्यात तथ्य किती, आणि बाकीच्या सैन्यांत काय करतात. आणि आम्ही घरच्यांनी काय करावं तेही कोणी सांगितलं तर फार बरं होईल.

विलेपार्ले_रनवे

ताई, विमानांचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

तुम्ही वाचलंत ते खरंय. ही विमानं बहुतेक करून प्रवासी आणि चार्टर कंपन्यांचीच होती. अमेरिकेचं मिलिटरी एअरलिफ्ट कमांड होतं, त्यांनी पॅन अॅम, टीडब्ल्यूए, कॉन्टिनेंटल, ब्रॅनिफ, नॉर्थवेस्ट, वर्ल्ड एअरवेज, फ्लाइंग टायगर अशा कंपन्यांना कंत्राटं दिली होती. बोइंग ७०७ आणि डग्लस डीसी-८. त्यातली लांब केलेली डीसी-८ असेल तर एका खेपेत दोनशेच्या वर माणसं. आत हवाई सुंदऱ्या, ट्रेमध्ये जेवण, उशी, पांघरूण, म्हणजे सुट्टीला निघालेल्या कुटुंबाला मिळतं तसंच सगळं, फक्त सगळ्या सीटवर वीस-एकवीस वर्षांची पोरं.

हे केवढं मोठं काम होतं ते बघा. एप्रिल १९६९ मध्ये तिकडे ५,४३,००० अमेरिकन सैनिक होते, हा त्या युद्धातला सगळ्यात मोठा आकडा. आर्मीवाल्याची मुदत बारा महिने, मरीनवाल्याची तेरा. म्हणजे ढोबळ हिशोब केला तरी रोज दीड हजाराच्या आसपास माणूस घरी निघतोय आणि तेवढाच नवा येतोय. रोज आठ-दहा जेट भरून, पॅसिफिक महासागर ओलांडून, वर्षानुवर्षं.

प्रत्येकाची परतीची तारीख ठरलेली असायची, आल्या दिवसापासून त्याला ती पाठ. थोडे दिवस उरले की कॅलेंडरवर रोज एकेक घर रंगवत बसायचे. तारीख जवळ आली की युनिट सोडायचं आणि एकट्याने मागच्या छावणीत यायचं. बिएन होआ विमानतळाजवळ लाँग बिन्हला ९०वी रिप्लेसमेंट बटालियन होती, कॅम रान बेला २२वी. तिथे लाउडस्पीकरवर नावं पुकारायचे आणि आपलं नाव यायची वाट बघत बसायचं, कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस. सामानाची तपासणी व्हायची, हत्यार किंवा अमली पदार्थ नेता येत नसत. जून १९७१ पासून तर लघवीची तपासणीही लागू केली कारण हेरॉइनचं प्रमाण फार वाढलं होतं, त्यात सापडला की विमान चुकलं, आधी उपचार.

मला सगळ्यात चटका लावणारा भाग हा की ज्या विमानातून घरी जायचं त्याच विमानातून नवी पोरं उतरायची. एका बाजूने करकरीत हिरव्या कपड्यातले घाम पुसत उतरतायत आणि दुसऱ्या बाजूला विटलेल्या कपड्यातले हे लोक रांगेत उभे. मग विमान धावपट्टीवर येईपर्यंत आत चिडीचूप, कारण तोफगोळा पडायची भीती तिथवर असायचीच, आणि चाकं जमिनीवरून सुटली की जो काही आरडाओरडा व्हायचा, लोक रडायचे, टोप्या फेकायचे. हे इतक्या जणांनी सांगितलंय की ती जवळजवळ पद्धतच झाली होती. आणि थोड्या वेळाने पुन्हा शांतता, बरेचसे झोपी जायचे.

वाटेत इंधनासाठी थांबे. ओकिनावातलं कादेना, जपानमधलं योकोटा, ग्वाम, वेक बेट, होनोलुलू नाहीतर अलास्कातलं अँकरेज, जसा मार्ग असेल तसं. सगळे थांबे धरून वीस तासांच्या आसपास. मग कॅलिफोर्नियातला ट्रॅव्हिस हवाई तळ किंवा वॉशिंग्टन राज्यातला मॅकॉर्ड. मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडायची असल्यामुळे बुधवारी संध्याकाळी निघालेला माणूस तिकडे बुधवारीच पोचायचा. ट्रॅव्हिसवरून बस ओकलंडच्या छावणीत, तिथे नवा गणवेश, बाकी पगार, एक स्टेकचं जेवण आणि ज्याची नोकरीची मुदत भरली असेल त्याची तिथल्या तिथे सुटका. रात्री-बेरात्री गेटच्या बाहेर, टॅक्सी करून सॅन फ्रान्सिस्को विमानतळ आणि मिळेल त्या विमानाने आपल्या गावी.

एक गोष्ट सांगावीशी वाटते म्हणून सांगतो, घरी नेणारं विमान म्हणजे सुटलो असं प्रत्येक वेळी झालेलं नाही. १२ डिसेंबर १९८५ ला सिनाईतल्या शांतिसेनेची ड्यूटी संपवून नाताळसाठी घरी निघालेले १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे २४८ सैनिक कॅनडातल्या गँडरहून उड्डाण करताच गेले, ॲरो एअरचं डीसी-८ होतं, विमानातल्या आठ कर्मचाऱ्यांसकट कोणीच वाचलं नाही. घरी स्वागताची तयारी करून लोक बसले होते. मला अजून ते वाचवत नाही.

माटुंगा_ग्रंथालय

वरची माहिती उत्तम. मी 'एकटा' या शब्दावर बोलते, कारण माझ्या मते विमानाच्या वेगापेक्षा तो भाग जास्त महत्त्वाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिक परतले ते जहाजाने. सप्टेंबर १९४५ पासून ऑपरेशन मॅजिक कार्पेट नावाची मोहीमच होती, विमानवाहू जहाजांच्या हँगरमध्ये बंक ठोकून माणसं आणली. घरी कोणी आधी जायचं ते गुणांवर, नोकरीच्या दर महिन्याला एक, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, पदकांचे पाच, मुलामागे बारा, आणि ८५ झाले की नंबर लागला. हे सगळं गोड नव्हतं. जहाजं कमी पडली म्हणून जानेवारी १९४६ मध्ये मनिलात अमेरिकन सैनिकांनी मोर्चे काढले, त्याच महिन्यात आपल्याकडे ब्रिटिश हवाई दलाच्या तळांवर घरी पाठवा म्हणून संप झाले. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या तळावर आपल्या नाविकांचा उठाव झाला, त्यात स्वातंत्र्य, जेवण, वागणूक हे सगळं होतंच पण युद्ध संपल्यावर आमचं पुढे काय हाही प्रश्न होता. म्हणजे घरी उशिरा नेणं हाही एक त्रासच. पण जहाजावर दोन-तीन आठवडे बरोबरीची माणसं सोबत असायची, पत्ते खेळताना, डेकवर बसून एकमेकांना सांगून व्हायचं, गेलेल्यांची नावं घेतली जायची.

कोरियात अमेरिकेने माणसं एकेक करून बदलायला सुरुवात केली, तरी परतीचा प्रवास बहुतेकांचा जहाजानेच होता. व्हिएतनाममध्ये दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, बदलीही एकट्याची आणि प्रवास जेटचा. एक वर्षाची मुदत ठेवली त्यामागे कारण होतं, प्रत्येकाला शेवट दिसत राहावा, ओझं सगळ्यांत वाटलं जावं. पण परिणाम असा झाला की पलटण तिथेच लढतेय आणि त्यातला एकजण तारीख आली म्हणून उठून निघाला. त्याच्या शेजारच्या सीटवरचा माणूस भलत्याच युनिटचा. आणि मागे राहिलेल्यांचं काय झालं हे त्याला कित्येकदा कधी कळायचंच नाही. तुमचा भाऊ फोन काढून हेलिकॉप्टर गेलं का विचारतो ना, त्या पोरांना विचारायला कोणी नव्हतं.

आणखी एक फरक बघा. फेब्रुवारी १९७३ मध्ये हनोईहून युद्धकैदी सोडले, पहिली तुकडी १२ फेब्रुवारीला निघाली, एकूण ५९१ जण आले. त्यांना थेट घरी नेलं नाही, आधी फिलिपिन्समधल्या क्लार्क तळावर इस्पितळात ठेवलं, तपासलं, खाऊ घातलं, घरी फोन लावून दिले, मग पुढे. म्हणजे मधे थांबा लागतो हे त्या सरकारला कळत होतं. साध्या पायदळातल्या पोरासाठी मात्र तसं काही केलं नाही.

परतलेल्यांवर विमानतळावर लोक थुंकले वगैरे जे सांगतात त्यावर अभ्यासकांत वाद आहे, त्या काळातले पुरावे फार थोडे सापडतात. त्यापेक्षा वाईट मला हे वाटतं की बहुतेकांना कोणी काही विचारलंच नाही.

निवृत्त_सुभेदार_डोंबिवली

ताई, सर्वप्रथम तुम्ही भावाची पोस्ट, युनिट काही लिहिलं नाही ते चांगलं केलंत, पुढेही लिहू नका, आणि तो ग्रुपवर काय बोलतो तेही इथे जास्त टाकू नका.

आमच्या वेळचं सांगतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, आमच्याकडे मिलिटरी अपशिंगेसारखी गावं आहेत जिथे घराघरातून माणूस फौजेत, त्यामुळे परतून आलेल्या माणसाशी कसं वागायचं हे बायामाणसांना शिकवावं लागत नाही. आम्ही सियाचीन ग्लेशियरच्या पोस्टवरून दोराला बांधून चालत खाली यायचो. बेस कॅम्पला आलं की मेडिकल. वर महिनोन्महिने अंघोळ नाही, तर खाली पहिली अंघोळ आणि दाढी, आरशात तोंड बघितलं की आपणच आपल्याला ओळखत नाही. मग लडाखमधल्या थॉइसच्या हवाई तळावर विमानाची वाट, हवामान बिघडलं की कुरियर, म्हणजे फौजेचं विमान, रद्द, बसा तिथेच. मग चंदीगडचा ट्रान्झिट कॅम्प. तिथे पुन्हा एमसीओकडे, म्हणजे फौजींच्या प्रवासाचं बघणाऱ्या ऑफिसात, रिझर्व्हेशनसाठी चकरा, प्रवासाचं वॉरंट दाखवा, कोटा बघा. आम्ही शिव्या घालायचो की सुट्टीचे दिवस असेच वाया चालले.

आणि मग झेलम. जम्मू ते पुणे, महाराष्ट्रातल्या फौजीला झेलम एक्सप्रेस काय आहे ते सांगायला नको. दोन रात्री गाडीत. काळ्या ट्रंका सीटखाली, पांढऱ्या रंगाने नंबर-नाव घातलेल्या, वर होल्डॉल पसरलेले, डब्यात निम्मे आपलेच, कोणी नगरचा, कोणी फलटणचा, कोणी कोल्हापूरचा. पहिल्या रात्री सगळे फक्त झोपायचे, मेल्यासारखे. दुसऱ्या दिवशी बोलणं सुरू व्हायचं. कोण घसरला, कोणाची बोटं गेली, साहेब कसा वागला, कोणाच्या घरी निरोप द्यायचाय. मी माझ्या एका जोडीदाराबद्दल पहिल्यांदा मोकळा बोललो ते भोपाळच्या पुढे कुठेतरी, एका अनोळखी पलटणीच्या नाईकाशी, त्याने काही सल्ला दिला नाही, डबा पुढे केला. मनमाड आलं की आवाज बदलायचे, मराठी चहावाला दिसला की पोरं उगाच त्याच्याशी बोलत बसायची. घरी पोचेपर्यंत माणूस निम्मा तरी घरचा झालेला असायचा.

आता तुमचा भाऊ सकाळी तिथे आणि रात्री कांजूरला. चांगलंय, माझ्या पोरालाही मी हेच म्हणेन की विमानाने ये. पण ते मधले दिवस कुठेतरी भरून निघायला पाहिजेत, ते तो तुमच्या घरात भरतोय एवढंच. पहिला आठवडा त्याचा प्रवास अजून चालू आहे असं समजा.

आपल्याकडे एक मोठा फरक आहे. आपली पलटण एकत्र जाते, एकत्र खाली येते. मुदत संपली की अख्खी बटालियन पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांबच्या शांत ठिकाणी, तिथे बायकामुलं येतात, बडाखाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण होतं, मंदिर परेड होते. सुट्टीला माणूस एकटा येतो पण तो पलटणीतच परत जातो. त्या अमेरिकन पोरांना परत जायला पलटणच राहिली नव्हती.

ठाणे_घोडबंदर

माफ करा पण थोडं वेगळं मत मांडतो. व्हिएतनाम परक्या देशात जाऊन लढलेलं युद्ध, सक्तीची भरती, घरच्या लोकांचाच विरोध. आपला जवान स्वतःहून भरती झालेला, देशाच्या सीमेवर उभा, परत आला की अख्खी चाळ त्याला मान देते. हे दोन्ही एका तागडीत घालू नये असं मला मनापासून वाटतं. ताईंचा भाऊ जबाबदार माणूस आहे म्हणून त्याला मागच्या लोकांची काळजी वाटते, त्यात आजार शोधू नका.

चेंबूर_कॉलनी

घोडबंदर, तुमचा मुद्दा मान्य पण मान मिळतोच असं नाही हो. माझे वडील श्रीलंकेत होते, शांतिसेनेत. जुलै १९८७ ला आपली फौज गेली आणि २४ मार्च १९९० ला शेवटचे लोक त्रिंकोमालीहून जहाजाने मद्रासला आले, बाराशेच्या आसपास जवान तिकडे मारले गेलेले. आणि बंदरावरच्या स्वागताला त्या राज्याचे मुख्यमंत्रीच आले नाहीत, निषेध म्हणून. वडील म्हणायचे, आम्हाला जायला सांगितलं म्हणून गेलो, परत या म्हटलं म्हणून आलो, यात आमचं काय चुकलं? मद्रासहून ट्रेनने दादरला उतरले, मी आणि आई घ्यायला गेलो होतो. कॉलनीत कोणाला श्रीलंकेत आपली माणसं लढतायत हेच धड माहीत नव्हतं. लोक विचारायचे, तिकडे साड्या स्वस्त मिळतात का.

जहाज होतं, ट्रेन होती, सगळे एकत्र होते, तरी वडिलांना कितीतरी वर्षं गेली त्यातून बाहेर यायला. त्यामुळे मला वाटतं प्रवास लांब असून भागत नाही, पोचल्यावर ऐकणारं कोणीतरी लागतं. आमच्याकडे ते आईने केलं. ती त्यांना रोज रात्री पान लावून द्यायची आणि गॅलरीत त्यांच्या शेजारी बसायची, ते बोलले तर बोलले.

परळ_ओपीडी

मी मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करतो, ताईंच्या भावाला न बघता काही निदान करणार नाही, फक्त माहिती देतो.

व्हिएतनामहून आलेल्यांचा त्रास डॉक्टरांना दिसत होता पण त्याला अधिकृत नाव मिळायला १९८० उजाडलं, त्या वर्षीच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव आलं. नंतर तिकडे मोठी पाहणी झाली तेव्हा तिथे जाऊन आलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना त्या वेळीही हा त्रास होता आणि सुमारे ३० टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी झालेला होता. विमानाने झटपट आले म्हणून हे झालं असं म्हणणं बरोबर नाही. सगळ्यात मोठं कारण प्रत्यक्ष लढाईत काय भोगलं, काय बघितलं, काय करावं लागलं हेच. पण आल्यानंतर आधार मिळतो की नाही याचाही फार मोठा वाटा असतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे घोडबंदर म्हणतात तो मान, चेंबूर म्हणतात ते ऐकणं आणि सुभेदारांची झेलम, तिन्ही या आधारातच येतात.

म्हणूनच आता काही सैन्यं मुद्दाम मधे थांबा देतात. अफगाणिस्तानातून परतणाऱ्या ब्रिटिश तुकड्यांना सायप्रसला एक-दीड दिवस उतरवायचे, समुद्रात पोहणं, मोजकी बिअर, गाण्याचा कार्यक्रम, आणि घरी गेल्यावर काय काय वाटू शकतं यावर थोडं बोलणं. कॅनडावाले तिथेच काही दिवस ठेवायचे. पोरांना सुरुवातीला राग यायचा, घरी जाऊ द्या ना म्हणून, पण नंतर विचारलं की बरेच जण म्हणायचे उपयोग झाला. याने पीटीएसडी टळतो असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण पहिले दिवस सोपे जातात.

ताई, तुम्ही सांगितलंत की आठवड्यानंतर तो हळूहळू नीट झाला. हे चांगलं लक्षण आहे. काळजी कधी करायची तर झोप महिनाभर लागतच नसेल, तेच तेच प्रसंग डोळ्यासमोर येऊन घामाघूम होत असेल, माणसं टाळत असेल, दारू वाढली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फौजेसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्यांचा वेगळा कक्षही सुरू झालाय. मुंबईत कुलाब्याला नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल आहे. घरच्यांनी फोन केला तरी चालतो, त्यालाच करायला पाहिजे असं नाही.

कांजूरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला सुभेदार काकांची झेलम वाचून दाखवली, ती म्हणाली बाबा पण असेच बोलायचे (आजोबा फौजेत होते). घोडबंदर दादा, आजार शोधत नाहीये, फक्त आपण काही चुकतोय का एवढीच धाकधूक होती. भावाला झोप लागते, दारू नाही, म्हणजे परळवाल्या दादांनी सांगितलेलं तसं काही नाही.

काका, एक विचारायचं राहिलं. त्याच्याच पलटणीतला एक मुलगा नाशिकचा आहे, पुढच्या वेळी दोघांची सुट्टी बरोबर येईल असं दिसतंय. भाऊ म्हणत होता की त्याला दोन दिवस आपल्याकडे थांबवून मग नाशिकला सोडतो. आईला वाटतं त्या मुलाच्या घरचे वाट बघत असणार, त्याला आधी घरी जाऊ दे, आणि आमचं घर वन रूम किचन. काय करावं?

निवृत्त_सुभेदार_डोंबिवली

बोलवा ताई, नक्की बोलवा. दोन दिवस नको वाटत असेल तर एक रात्र. त्याच्या घरी तुम्ही स्वतः फोन करा, आईला बोलू द्या, मुलगा सुखरूप आमच्याकडे पोचलाय, उद्या पंचवटीने बसवतो म्हणून सांगा, म्हणजे त्या माउलीला वाईट वाटणार नाही. जागेचं काय घेऊन बसलात, जवान कॉमन पॅसेजमध्ये पण झोपतो, त्याला फक्त पंखा द्या, उंचावरून आलेल्याला मुंबईचा उकाडा फार होतो.

जेवण साधं ठेवा, वर टिनमधलं खाऊन तोंड गेलेलं असतं, वरणभात, पालेभाजी, ताक याच्यासारखं काही नाही. पहिल्याच दिवशी पाहुणे जमवू नका. आणि दोघं रात्री बोलत बसले तर बसू द्या, मधे जाऊन काय झालं, कसं झालं विचारू नका, तुमच्या भावाला सांगायचं असेल तेव्हा तो आपण होऊन सांगेल. फोनवर हवामान बघू नको असंही म्हणू नका. उलट कधीतरी तुम्हीच विचारा, त्या पाय दुखणाऱ्या पोराचं काय झालं रे. त्याला बरं वाटेल की घरात हे कोणाला तरी माहिताय.

विलेपार्ले_रनवे

सुभेदार साहेब, याच्याशी जुळणारं एक सांगतो. अमेरिकेत मेन राज्यात बँगोर म्हणून लहानसा विमानतळ आहे, युरोपकडून येणारी सैनिकांची चार्टर विमानं इंधनासाठी तिथे थांबतात. १९९१ च्या आखाती युद्धापासून गावातली माणसं, त्यात व्हिएतनामहून आलेले म्हातारेही, रात्री दोन वाजता का विमान येईना, उठून तिथे जाऊन रांगेत उभी राहतात, हात मिळवतात आणि घरी बोलायला मोबाइल हातात देतात.

ताई, मुंबई विमानतळावर रात्री उशिरा दिल्लीहून येणाऱ्या फ्लाइटला दोघं असतील आणि टॅक्सीची अडचण झाली तर मला इथे निरोप टाका, मी पार्ल्यातच राहतो, गाडी आहे, कांजूरला सोडेन.